सत्तावीस नंबरची जागा

बुधवारी सकाळी मेलबर्नची ट्राम नॉर्थकोटचा चढ चढत असताना जिलियनच्या पर्समध्ये तिच्या मेलेल्या बापाचा फोन वाजला. वाजला म्हणजे एकदाच टुणकन आवाज झाला, कुणी मेसेज पाठवला की होतो तसा. पण शेजारच्या बाईने मान वळवून पाहिलं आणि जिलियनला उगाचच वाटलं की हिला सगळं कळलं. डॅडला जाऊन दहा आठवडे झाले होते. हॉस्पिटलने त्याच्या वस्तूंची जी प्लास्टिकची पिशवी हातात दिली तिच्यातलं बाकी सगळं, चष्मा, कवळीची डबी, लोकरीचा स्वेटर, तिने कपाटात वर ठेवून दिलं होतं. फोन मात्र ती रोज झोपताना स्वतःच्या फोनशेजारी चार्जिंगला लावायची आणि सकाळी पर्समध्ये टाकायची. का, ते तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने काहीतरी व्यवहारातलं कारण पुढे केलं असतं. रोज सहा वाजता त्या फोनवर गॅनेट बेच्या समुद्राची खबर यायची. लाटा दीड मीटर, वारा नैर्ऋत्येचा, पाणी तेरा अंश. म्हाताऱ्याने कधीतरी ती सोय लावून घेतली होती. ती बंद करणं काही अवघड नव्हतं. तिने केली नव्हती, इतकंच. पण आता सहा वाजून कधीच गेले होते, साडेआठ झाले होते, आणि साडेआठला या फोनवर कुणाचं काही काम असायचं कारण नव्हतं. तिने पर्समध्ये हात घालून तो चाचपला. गरम होता. मग काढून वाचलं.

‘क्लॅरी, जागा नंबर २७ अजून पक्की केली नाहीस. शुक्रवारी पाचच्या आत याच नंबरवरून तू स्वतः फोन कर. नाहीतर यादीतल्या पुढच्याला द्यावी लागेल, माझा इलाज नाही. तब्येत बरी ना? ग्लेनिस.’

तिचा थांबा मागे गेला. दोन थांबे पुढे उतरून ती थंडीत उलटी चालत दुकानात आली तेव्हा मालकीणबाईंनी शटर वर केलं होतं आणि पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं. वीस वर्षं जिलियन चष्म्यांच्या दुकानात काम करत होती. काड्या वाकवायच्या, नाकावरच्या गाद्या बसवायच्या, कानामागे बोट घालून कुठे टोचतंय का ते पाहायचं. म्हाताऱ्यांचे कान तिला तोंडपाठ होते. मऊ, जरा गारढोण, वरच्या कडेला उन्हाने जळून खडबडीत झालेले. या खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा कान तिने हातात घेतला आणि तो नेमका तसाच निघाला, तेव्हा तिने काडी वाकवायची सोडून हात काढून घेतला. ‘‘दुखलं का हो?’’ तिने विचारलं. ‘‘मला नाही दुखलं,’’ म्हातारा म्हणाला, ‘‘तुलाच काहीतरी झालंय.’’ ती हसली. हसताना तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: आजचा बुधवार, उद्याचा गुरुवार, आणि मग शुक्रवार पाच.

गॅनेट बेच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायच्या जागा एकशे चाळीस, पण पाण्याला लागून असलेली पहिली रांग एकोणतीस जागांचीच. ठेंगणी झुडपं, त्यांच्यामधून वाळूची पायवाट, आणि पाणी. रात्रभर उशाशी समुद्र. जिलियनच्या आजोबाने, पॉपने, एकसष्ट साली तिथे पहिला तंबू ठोकला, आणि तेव्हापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारी संपेपर्यंत सत्तावीस नंबरची जागा पास्को घराण्याची, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. कागदावर मात्र जागा घराण्याची नव्हती. परवाना एका माणसाच्या नावावर. तो माणूस गेला तर नवऱ्याला किंवा बायकोला मिळायचा, पोराबाळांना नाही. जोडीदार नसेल तर जागा कॅम्पच्या समितीकडे परत आणि समितीकडून प्रतीक्षायादीवर. मम्मी नऊ वर्षांपूर्वीच गेली होती. यादी एकोणीस वर्षांची होती. यादीत पहिली कोण तेही जिलियनला माहीत होतं: मागच्या रांगेतली एक नर्स. संध्याकाळी ती आपली घडीची खुर्ची घेऊन त्यांच्या तंबूच्या कडेला यायची आणि ‘‘बसू का जरा पाच मिनिटं, पाणी बघते,’’ म्हणायची. डॅड तिला बसू द्यायचा. बसू द्यायचा, पण तिच्याकडे बघायचा मात्र कधीच नाही.

आता नियम असा असला की त्याला वळसा घालणारेही असतात, आणि गॅनेट बेचे लोक या बाबतीत कुणाला हार जाणारे नव्हते. पहिल्या रांगेत दर उन्हाळ्यात दोनतीन परवानाधारक असे असायचे की जे कुणाच्या नजरेला पडत नसत. विचारलं तर घरचे म्हणायचे, आत आडवा पडलाय. सकाळी गेलं तरी आडवा पडलाय, दुपारी गेलं तरी आडवा पडलाय. एक म्हातारा तर चार उन्हाळे आडवा पडून होता आणि त्याच्या मोजडीवजा चपला गाडीमागे ओढून आणलेल्या कॅराव्हॅनच्या पायरीवर पडून पडून उन्हाने पांढऱ्याफटक झाल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलायचं नाही. उद्या आपल्या दाराशीही तीच वेळ येणार, हे ज्याचं त्याला कळत होतं. समितीने मग नवा नियम काढला की दर जुलैत परवानाधारकाने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या तोंडाने जागा पक्की करायची. समितीच्या ऑफिसात ग्लेनिस तीस वर्षं बसत होती. तिला एकशे चाळीस आवाज ओळखू यायचे.

हे आडवं पडणं जिलियनला नवं नव्हतं. ती आठ वर्षांची असताना पॉप हिवाळ्यात गेला आणि डिसेंबरात ते सगळे नेहमीसारखे गॅनेट बेला आले. निघायच्या आदल्या दिवशी डॅडने तिला गॅरेजात बोलावून समोर उभं केलं आणि म्हणाला, जिली, कुणी विचारलं तर पॉप आत झोपलाय म्हणायचं. खोटं नाही, गंमत. तिसऱ्या दिवशी वही घेतलेला समितीचा एक माणूस आला, उन्हात डोळे बारीक करून तिच्याकडे पाहत. ती कॅराव्हॅनच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होती. मोठं माणूस एकही जवळ नव्हतं. ‘‘आजोबा कुठेत तुझे?’’ ‘‘आत आडवा पडलाय.’’ ‘‘बरं नाहीये का त्याला?’’ ‘‘दमलाय.’’ माणसाने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो पुढच्या तंबूकडे गेला. तेवढंच. पण त्यानंतर तिला आत जायची भीती बसली. दाराला लावलेल्या रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या वाऱ्याने हलायच्या आणि तिला वाटायचं, आपण सांगितलं म्हणून तो आता खरंच आत आहे. तो पूर्ण महिना ती बाहेर, कॅराव्हॅनला लावलेल्या कापडी मांडवात, वाळूवर झोपली आणि सगळे म्हणाले, पोर किती धीट आहे. तिसऱ्या वर्षी समितीत नवी माणसं आली, ज्याचा तंबू त्याचं नाव अशी एका वर्षाची सूट निघाली, आणि जागा डॅडच्या नावावर झाली. डॅडने त्या दिवशी तिला खांद्यावर घेऊन पाण्यात नेलं. तेव्हा ती खूप हसली होती, पण हसता हसता मागे वळून कॅराव्हॅनकडे बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने दुकानामागच्या गल्लीत उभं राहून भावाला फोन लावला. रॉडनी जीलाँगला राहायचा, नळाची कामं करायचा, तीन पोरांचा बाप होता, आणि लहानपणापासून कुठल्याही गोष्टीचा त्याला फार विचार करावा लागलेला नव्हता.

‘‘आला का मेसेज? आला ना शेवटी!’’ रॉड ओरडला. मागे ड्रिल चालू होतं. ‘‘मी म्हणतच होतो तुला, तो फोन बंद करू नकोस म्हणून.’’

‘‘तू असं काही म्हणाला नव्हतास.’’

‘‘मग मनात म्हणालो असेन. हे बघ, शुक्रवारी मी दोनला मोकळा होतो. डॅडच्या घरी भेटू. मांडव उलगडून बघायचाय, उंदरांनी काही शिल्लक ठेवलंय का ते. सामानाची यादी करून टाकू. आणि मग फोन मी करतो.’’

‘‘तू?’’

‘‘नाहीतर काय तू करणारेस? तुझा आवाज म्हणजे बिजागरी करकरावी तसा.’’ ड्रिल थांबलं. रॉडने घसा खाकरला. आणि फोनमधून डॅड म्हणाला, ‘‘जिली, चहा टाक गं जरा, तोंडाला कोरड पडलीये.’’

तिने भिंतीला हात लावला. वीट ओली होती. तोच आवाज, शब्दाच्या शेवटी तीच किंचित घरघर, ‘जिली’ म्हणताना तोच वर जाणारा सूर. रॉडला ही नक्कल शाळेपासून येत होती, त्यापायी त्याने कितीतरी मार खाल्ला होता आणि पाहुण्यांना हसवलं होतं. पण तेव्हा अस्सल माणूस शेजारच्या खोलीत असायचा.

‘‘पुन्हा असं करू नकोस,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, सराव नको का?’’

नको म्हणायला हवं होतं, हे तिला गल्लीतही कळत होतं आणि नंतर गुरुवारी दिवसभर काड्या वाकवतानाही कळत होतं. पण नको म्हणायची वेळ मे महिन्यातच निघून गेली होती. अंत्यविधीच्या ऑफिसात त्या गुळगुळीत टेबलाशी बसून फॉर्म भरताना एक ओळ आली होती: वर्तमानपत्रात निधनाची सूचना द्यायची का? रॉड कानाशी वाकून म्हणाला, ‘‘छापायची काय घाई आहे? सगळा कॅम्प ते पान वाचतो.’’ त्याला एवढंच म्हणायचं होतं. ‘नाही’च्या चौकोनात खूण तिने स्वतः केली होती, चांगली ठळक, पेन दोनदा फिरवून. डॅडची बाराही महिन्यांतली खरी माणसं त्या पहिल्या रांगेत होती. त्याच्याबरोबर पहाटे गळ टाकणारी, त्याच्याशी पत्ते खेळताना भांडणारी, मम्मी गेली तेव्हा मांडवात रांगेने येऊन बसणारी. त्यातल्या एकालाही कळवलं नाही. चॅपेलमध्ये पाद्री धरून अकरा माणसं होती, आणि पाद्र्याला डॅडचं नाव कागदात बघून घ्यावं लागत होतं. जिलियनला त्या दिवशी रडू आलं नाही. आपल्याला लाज वाटतेय हे तिला कळत होतं आणि लाज वाटत असताना रडताही येत नाही.

आणि जागा तिला हवी होती. याबद्दल तिने स्वतःला फसवलं नाही. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तिची घरं बदलली, नवरा बदलला, म्हणजे एक होता तो गेला, दुकानाचे मालक बदलले. सत्तावीस नंबर तेवढा जागेवर राहिला. आणि शिवाय मागच्या जानेवारीत ती तिथून रागाने निघून आली होती. भांडून निघालेल्या जागी एकदा तरी परत जावंच लागतं, नाहीतर ते निघणंच शेवटचं ठरतं. असं तिला वाटत होतं.

मागच्या जानेवारीत, नवव्या दिवशी, डॅड सकाळी एकटाच पाण्यात गेला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. पाण्याखालच्या दुसऱ्या वाळूच्या पट्ट्यापलीकडे ओढला गेला. लाटांवर खेळणाऱ्या दोन पोरींनी त्याला आपल्या फळीवर आडवा घालून काठाला आणलं. जिलियन धावत गेली, तिने त्याला टॉवेलात गुंडाळलं, आणि सगळी रांग चहाचे कप हातात घेऊन बघत असताना ती त्याच्यावर ओरडली. काय काय बोलली ते सगळं तिला आठवत नव्हतं. शेवटचं आठवत होतं. ‘‘पुढच्या वर्षी मी तुला इथे आणणारच नाही,’’ ती म्हणाली होती. त्याचे दात वाजत होते. ओठ निळे पडले होते. तो म्हणाला, ‘‘मग तू नको येऊस. जागा माझ्या नावावर आहे.’’ दुपारी ती गाडी काढून मेलबर्नला आली. डॅड महिना संपेपर्यंत तिथे राहिला, रॉडने त्याला आणलं. त्यानंतर दर रविवारी ती त्याच्याकडे बटाटे, दूध, गोळ्या घेऊन जायची. दोघं चहा प्यायचे, कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलायचे. त्या सकाळबद्दल अक्षर नाही. मग मे महिन्यात तो स्वयंपाकघरात पडला आणि चार दिवस हॉस्पिटलात होता, पण त्या चार दिवसांत त्याला बोलता येत नव्हतं.

शुक्रवारी ती पोचली तेव्हा रॉडने गॅरेज उघडून मांडवाचं कापड मागच्या हिरवळीवर अंथरलं होतं आणि गुडघ्यांवर रांगत शिवणी तपासत होता. ऊन पडलं होतं, पण त्याला ऊब नव्हती. कापडाच्या घड्यांतून वाळू गळत होती, आणि वास येत होता: खारट, कुबट, त्यात उन्हाच्या क्रीमचा गोडसर वास. तो वास जिलियनच्या नाकात गेला. एका क्षणात ती आठ वर्षांची, तीस वर्षांची आणि आत्ताची अशी एकदमच झाली आणि यातली नक्की कोण इथे उभी आहे ते तिला कळेना.

‘‘दोन जागी ठिगळ लागेल, बाकी ठणठणीत,’’ रॉड म्हणाला. ‘‘घे, वही घे. लिही. मोठा मांडव. छोटे तंबू दोन. पोरं म्हणतात आम्हाला वेगळा पाहिजे. लांब खुंट्या चाळीस, वाळूच्या. दोऱ्या नव्या. गॅसची शेगडी. फ्रिज माझा आणतो, डॅडचा फ्रिज रात्रभर बैलासारखा हंबरतो. हॅम तू आण.’’

‘‘दरवर्षी मीच आणते.’’

‘‘म्हणूनच म्हटलं. ताडपत्री. डॅडची खाट.’’

तिचं पेन थांबलं. ‘‘खाट कशाला?’’

‘‘अगं, आत खाट नको? घोंगडं, उशी. टोपी खिळ्याला. चपला पायरीवर. ग्लेनिस फेरी मारते ना पहिल्या आठवड्यात. तुला काय, पहिल्यांदा बघतेयस?’’ तो हसला, पण तिच्याकडे न बघता. ‘‘आणि एक रेडिओ. क्रिकेट लावून ठेवायचं. डॅडला आवडतंच.’’

तिने लिहिलं. खाट, घोंगडं, उशी, टोपी, चपला, रेडिओ. आपल्याच अक्षरात ती ओळ वाचली तेव्हा तिला दिसलं की एका जिवंत माणसाला लागतं ते सगळं यात आहे आणि एकही वस्तू जास्तीची नाही. ‘‘किती वर्षं, रॉड?’’

‘‘जमतील तितकी. शंभरीपर्यंत खेचू की.’’

‘‘आणि तुझी पोरं? त्यांना काय सांगायला लावणार?’’

रॉड उठून उभा राहिला. गुडघ्याला वाळू लागली होती ती त्याने झटकली. ‘‘जिल, त्या तिघांना पोहायला कुणी शिकवलं? डॅडने, तिथे. धाकटीला तर गॅनेट बे सोडून दुसरा समुद्र असतो हेच माहीत नाही. मी काय सांगू त्यांना? आजोबा गेले, आणि आता समुद्रपण गेला?’’ त्याचा आवाज चिरकला आणि तो स्वतःवरच चिडला. ‘‘साडेचार वाजत आले. आण तो फोन.’’

ते गॅरेजात आले. रॉडने फोन कामाच्या बाकावर, पकडी आणि खिळ्यांच्या डब्यांमध्ये ठेवला. ‘‘स्पीकरवर लावतो. काही अडलं तर तू खुणेनं सांग. जन्मतारीख?’’ तिने सांगितली. तिने हात काखेत घातले. पलीकडे घंटी वाजायला लागली. वाजू दे, कुणी उचलू नये, असं तिला वाटलं; आणि लगेच, उचलावं, असंही वाटलं.

‘‘गॅनेट बे, ग्लेनिस बोलतेय. क्लॅरी? अरे मेल्या, होतास कुठे? मला वाटलं यंदा विसरलास की काय!’’

‘‘विसरतोय कुठला,’’ रॉड म्हणाला, डॅड म्हणाला. ‘‘फोन सापडत नव्हता.’’

‘‘चष्मा शोध, म्हणजे फोन सापडेल. मुलगी चष्म्याच्या दुकानात आणि बाप आंधळा! बरं, नियमाने विचारते हं. नाव?’’

‘‘क्लॅरेन्स जॉन पास्को.’’

जन्मतारीख झाली. माणसं किती, गाड्या किती, तंबू किती, तेही झालं. जिलियनने डोळे मिटले होते. उघड सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला गेल्या दहा आठवड्यांत वाटलं नव्हतं. डॅड बाकापाशी उभा होता, नेहमीसारखा, एका पायावर भार देऊन, आणि पुढच्या उन्हाळ्याची बोलणी करत होता. ग्लेनिसची थट्टा करत होता, वाऱ्याबद्दल कुरकुरत होता, आणि या सगळ्यात मरणाला कुठे फटच नव्हती. हे असंच चालू राहावं. पाच वाजूच नयेत. खोटं असेल तर असेल. खोट्याने कुणाचं काय बिघडतंय?

‘‘झालं, सत्तावीस नंबर पक्का,’’ ग्लेनिस म्हणाली. ‘‘शिक्का मारायचा तेवढा राहिला. आणि आता ऑफिसचं राहू दे बाजूला. पोरीला सांगितलंस का?’’

रॉड गोंधळला. ‘‘काय?’’

‘‘काय म्हणून मलाच विचारतोयस? जानेवारीत निघताना इथे माझ्या खुर्चीत बसून रडत होतास ना, रॉड बाहेर गाडीला कॅराव्हॅन जोडत होता तेव्हा? म्हणालास, जिलीचं बरोबर होतं, मी पाण्यात घाबरलो होतो आणि सगळा राग पोरीवर काढला. घरी गेलो की पहिलं तिला सांगतो म्हणालास. मी तेव्हाच म्हटलं, क्लॅरी, तू बोलायचा नाहीस, तुझी जीभ जड. सांगितलंस का?’’

जिलियनने डोळे उघडले. रॉड तिच्याकडे बघत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, आपल्या परीने तिला देता येण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट देत असल्यासारखा, तो तिच्याकडे बघतच डॅडच्या आवाजात, हळू, म्हणाला, ‘‘सांगितलं गं. रविवारी आली होती. बोललो तिच्याशी. म्हटलं, जिली, तुझंच बरोबर होतं.’’

चौदा रविवार. दर रविवारी ती निघताना डॅड फाटकापर्यंत यायचा. चपला ओढत, स्वेटरची गुंडी चाचपत. तिने गाडीत बसून दार ओढायला हात पुढे केला की तो दार धरून ठेवायचा. ‘‘जिली,’’ म्हणायचा. ती थांबायची. तो इकडेतिकडे बघायचा, मग म्हणायचा, ‘‘पुढच्या चाकात हवा कमी दिसतेय.’’ दर वेळी हवा कमी. ती वैतागायची. एकदा तिने पंपावर जाऊन तपासून घेतली, हवा बरोबर होती. म्हातारा आता भ्रमिष्ट व्हायला लागला, असं तिला वाटलं होतं. शेवटच्या रविवारी तर ‘जिली’ म्हणाल्यावर ती थांबलीसुद्धा नाही, ‘‘कळलं, डॅड, भरते हवा,’’ म्हणून तिने दार ओढून घेतलं होतं.

‘‘नाही सांगितलं,’’ जिलियन म्हणाली.

रॉडने हात वर केला, गप्प, गप्प. फोनमधून ग्लेनिस म्हणाली, ‘‘कोण ते?’’

‘‘ग्लेनिस, मी जिल. त्याने नाही सांगितलं मला. तो दर रविवारी सांगायला यायचा आणि त्याला जमलं नाही. डॅड गेला, ग्लेनिस. मे महिन्यात. तू बोलतेयस तो रॉड आहे.’’

रॉड बाकावर दोन्ही हात टेकून उभा राहिला, नळ फुटून पाणी घरभर झालेलं बघावं तसा. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘‘मे,’’ ग्लेनिस म्हणाली. ‘‘आता जुलै संपत आला.’’

‘‘हो.’’

‘‘पेपरात नव्हतं आलं. मी ते पान रोज बघते. आमच्या वयात तेच पान आधी उघडतात.’’

‘‘आम्ही दिलं नाही.’’

ग्लेनिसने का म्हणून विचारलं नाही. तीस वर्षं ती त्या खुर्चीत बसत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, जड, नाकातून. ‘‘सॉरी, ग्लेनिस,’’ रॉड म्हणाला, स्वतःच्या आवाजात. तो आवाज फार बारीक वाटला.

‘‘आम्ही आलो असतो रे,’’ ग्लेनिस म्हणाली. ‘‘सगळी रांग आली असती. बस करून आलो असतो. माझा नवरा गेला तेव्हा रात्रभर माझ्याजवळ कोण बसलं होतं? आणि मी इथे त्याला तब्येत बरी ना म्हणून मेसेज पाठवतेय.’’ मग ती रडायला लागली. लपवून नाही, म्हातारी बाई रडते तशी, शब्दांशिवाय. दहा आठवड्यांत डॅडसाठी असं कुणी रडलं नव्हतं. जिलियन ते ऐकत राहिली. तिला वाटलं, हे त्याचं होतं. हे आपण त्याचं काढून घेतलं, चौकोनात खूण करून.

ग्लेनिसने नाक शिंकरलं. ‘‘जागा मला दुसऱ्याला द्यावी लागणार, पोरी. माझ्या हातात असतं तर...’’

‘‘माहितीये मला.’’

‘‘पाचला पुढच्या नावाला फोन करावा लागेल.’’

‘‘कर. ती नर्स आहे ना. चांगली बाई आहे.’’

रॉडने मान खाली घातली. बाहेर हिरवळीवर मांडवाच्या कापडाचा एक कोपरा वाऱ्याने उचलला जात होता आणि पुन्हा पडत होता. जिलियन उलट्या घातलेल्या एका बादलीवर बसली. आता फोन ठेवायचा, तिला वाटलं, बोलण्यासारखं काही उरलं नाही.

‘‘किती वाजले तुझ्याकडे?’’ ग्लेनिसने विचारलं.

‘‘चार पस्तीस.’’

‘‘माझ्याकडेही तेच. म्हणजे अजून पंचवीस मिनिटं सत्तावीस नंबर त्याच्याच नावावर आहे. फोन ठेवू नकोस. कसा गेला तो? पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस.’’

रॉडने बाकावरचा फोन उचलून तिच्या हातात दिला आणि तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. ‘‘शुक्रवार होता,’’ जिलियन म्हणाली. ‘‘सकाळी त्याने अंडं उकडायला ठेवलं होतं.’’ आणि मग ती सांगू लागली.